मतिमंद प्रौढांची निवासगृहे

बौद्धिक विकास जन्मापासून वा बालपणापासून मर्यादित राहिल्यामुळे, अथवा स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्थेमुळे, ज्या व्यक्तींना प्रौढपणीही दैनंदिन व्यवहारात दुसऱ्याच्या साहाय्याची गरज लागते, त्यांच्या दीर्घकालीन वास्तव्याची व देखभालीची सोय करणाऱ्या संस्था. अशा व्यक्तींना पूर्वी मतिमंद किंवा मनोदुर्बल म्हणत. अलीकडील कायद्यांत बौद्धिक दिव्यांग ही संज्ञा योजली जाते. मनोदुर्बलता हा मनोविकार नव्हे. मनोविकार कोणत्याही वयात उद्‌भवू शकतो व औषधोपचारांनी पुष्कळदा आटोक्यात येतो. मनोदुर्बलता ही आयुष्यभराची अवस्था असून तीत शिक्षण, सराव व आधार यांनी सुधारणा होते. स्वमग्नता ही आणखी वेगळी अवस्था होय. तिचे पद्धतशीर वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. स्वमग्न व्यक्तींपैकी काहींची बुद्धी सामान्य वा तीव्र असते. तथापि संवाद, सामाजिक व्यवहार, तसेच आवाज, प्रकाश व स्पर्श यांविषयीची संवेदना यांत त्यांना अडचणी येतात. १९११ ते २०१० या शतकात भारतात या तीन अवस्थांची गल्लत वारंवार झाली आणि निवासगृहांच्या इतिहासावर तिचा मोठा परिणाम झाला. २०११ च्या जनगणनेत भारतात मतिमंद म्हणून नोंदविलेल्या व्यक्तींची संख्या सु. १५ लाख होती.

पूर्वपीठिका : धर्मशास्त्राने अशा व्यक्तीचा विचार मुख्यतः वारसाहक्काच्या संदर्भात केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत जड, उन्मत्त, अंध, पंगू इत्यादींना पैतृक संपत्तीत वाटा नाकारलेला आहे. मात्र त्यांचे पोषण करण्याचे बंधन वाटा घेणाऱ्यांवर घातलेले आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा  ही टीका महाराष्ट्रात प्रमाण मानली गेल्यामुळे हा नियम येथे दीर्घकाळ चालू राहिला. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियमाने अंध, पंगू इत्यादींची अपात्रता दूर केली; पण जन्मतः वेडसर वा जड असलेल्यांची अपात्रता कायम ठेवली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने रोग वा व्यंग यांमुळे येणारी अपात्रता पूर्णपणे नष्ट केली. म्हणजे सुमारे आठ शतके अशा व्यक्तीला अन्नवस्त्र मिळण्याचा अधिकार होता. पण तिच्या स्वतःच्या नावावर काही नसे. तिला पोसावयाचे, एवढेच कर्तव्य मानले गेले. पुढे निघालेल्या संस्थांनीही प्रारंभी हीच कल्पना उचलली.

विदर्भातील शेतकरी कुटुंबांत ही जबाबदारी एकत्र घरच उचलीत असे. नागपूरपासून सु. २० किमी. अंतरावरील कळमेश्वर हे तालुक्याचे ठिकाण त्याचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येईल. कापूस व संत्री यांच्या या प्रदेशात गुरे वळणे, पाणी भरणे, कापूस वेचणे, शेण गोळा करणे यांसारखी कामे मंदबुद्धीच्या माणसालाही करता येत व त्यामुळे गावात त्याला काही स्थान राही. या व्यवस्थेचे गुणगान मात्र मर्यादेतच केले पाहिजे. सौम्य अवस्थेतील व्यक्तीचे तीत निभावून जाई. तीव्र अवस्थेतील, फेफरे येणाऱ्या किंवा अनावर वागणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे किंवा घराबाहेर काढणे यांपैकी काहीतरी येण्याचा धोका असे. देखभालीचा सर्व भार आई, वहिनी किंवा अविवाहित बहीण यांच्यावर पडे. कळमेश्वरला औद्योगिक वसाहत झाली, नागपूरला रोज ये-जा करणारा नोकरदार वर्ग वाढला आणि शेतीच्या वाटण्या होत गेल्या. तसतसा हा आधार आकसत गेला. असे परिवर्तन महाराष्ट्रात इतरत्रही झाले.

मनोरुग्णालयांचा काळ : १८५८ च्या अधिनियमांनी ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांना कायद्याचा आधार मिळाला. मध्य प्रांताची निर्मिती १८६१ साली झाली व त्यानंतर लवकरच, १८६४ मध्ये, नागपूरला असे इस्पितळ सुरू झाले. तेच आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय होय. महाराष्ट्रातील अन्य प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथे आहेत. १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमात वेडा या संज्ञेच्या व्याख्येतच जडबुद्धीच्या व्यक्तीचा समावेश होता. त्यामुळे रस्त्यावर सापडलेल्या, स्वतःचे नाव-गाव सांगू न शकणाऱ्या मतिमंद माणसाला दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने मनोरुग्णालयात पाठविता येई. तेथे त्याच्यावर करण्याजोगा उपचार नसे, आणि उपचार नसल्यामुळे बरा होऊन सुटण्याचा प्रश्नही उद्‌भवत नसे. इतर रुग्ण येत व जात. तो मात्र आयुष्यभर राही.

१९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मनोरुग्ण या संज्ञेतून मतिमंदता स्पष्टपणे वगळली. हा अधिनियम १९९३ साली अंमलात आला; २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमातही हाच भेद कायम आहे. शास्त्रीय दृष्ट्या हा बदल योग्य होता. तथापि मनोरुग्णालयाचे दार बंद करताना दुसरे कोणते दार उघडावयाचे, याची तरतूद त्यात नव्हती.

बालकांच्या संस्था व अठरा वर्षांची मर्यादा : मतिमंदांसाठी स्वतंत्र संस्था प्रथम निघाल्या त्या मुलांसाठी. मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्द येथे मनोदुर्बल बालकांचे गृह सुरू केले. जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली मुंबईत शाळा काढली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ ही शाळा स्थापन केली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत अनुदानित शाळा व वसतिगृहे निघाली. या सर्व संस्थांचा पाया शिक्षण व बालसंरक्षण हा होता. साहजिकच अनुदान, तपासणी व कर्मचाऱ्यांची संख्या ही सर्व बालकांच्या संदर्भात ठरली. बालन्याय कायद्यानुसार वयाच्या अठराव्या वर्षी बालकपण संपते; २०१५ च्या अधिनियमात त्यानंतरच्या साहाय्याची मर्यादा सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. सामान्य अनाथ मुलगा या वयात कामाला लागतो. जिला बसस्थानकावर कुणीतरी सोडून दिले व जी आपले नावही सांगू शकत नाही, अशा तीव्र मतिमंद मुलीच्या बाबतीत अठराव्या वाढदिवशी काहीच बदललेले नसते. व्यवहारात अशा मुली व मुले त्याच गृहात राहिली, पण त्यांची नोंद कोणत्या सदरात करावयाची व त्यांच्यासाठी कोणते मानदंड लावावयाचे, हे अनिश्चित राहिले. बालगृहांत प्रौढांची गर्दी होणे, हा त्याचा परिणाम होय.

परदेशांतील अनुभव : याच काळात पश्चिमेकडील देशांत मोठ्या संस्थांविषयीचा विश्वास ढासळत होता. डेन्मार्कमध्ये नील्स एरिक बांक-मिकेल्सन यांच्या प्रयत्नांनी १९५९ साली झालेल्या कायद्याने मतिमंदांना शक्य तितके सर्वसामान्य जीवन मिळावे, हे तत्त्व स्वीकारले. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये त्याची तात्त्विक मांडणी केली. दिवसाची सामान्य लय, आठवड्याची लय, ऋतू व सणवार, स्वतःची निवड, स्त्रीपुरुषांचा सामान्य सहवास या गोष्टी सामान्य जीवनात येतात, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या ईली रुग्णालयातील क्रौर्याचा चौकशी अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतील गर्दी व हेळसांड १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविली गेली आणि १९८७ मध्ये ती संस्था बंद झाली. मोठ्या संस्था मोडून लहान घरे केल्याने मात्र सर्व प्रश्न सुटले नाहीत. ब्रिटनमधील विंटरबोर्न व्ह्यू या लहान खासगी रुग्णालयातील मतिमंद व स्वमग्न प्रौढांची मारहाण २०११ साली गुप्त चित्रणामुळे उघडकीस आली. संस्थेचा आकार महत्त्वाचा असला, तरी बंद दाराआड काय चालते ते कोणी पाहावयाचे, हा प्रश्न लहान घरातही उरतोच.

शिरूर प्रकरण : हा प्रश्न महाराष्ट्रात १९९४ साली तीव्रतेने पुढे आला. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतील काही मुली व स्त्रियांची गर्भाशये त्या वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता पाळता येत नाही, हे त्याचे प्रमुख कारण सांगण्यात आले. स्त्रीसंघटना व अपंगांसाठी कार्य करणारे कार्यकर्ते यांनी विरोध केल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या व वाद न्यायालयात गेला. शस्त्रक्रियेचे समर्थन करणाऱ्यांत शासकीय अधिकारी व डॉक्टर होते, त्याचप्रमाणे काही पालकही होते. संस्थेत सेविका अपुऱ्या असतात, मुलींचे हाल होतात आणि गर्भधारणेची भीती सतत असते, असे ते म्हणत. विरोधकांचे म्हणणे असे, की स्वच्छता ही सरावाने बहुतेकींना शिकविता येते. जिला ती शिकता येत नाही, तिला शौचादी अन्य बाबतींतही साहाय्य लागतेच व ते गर्भाशय काढल्याने कमी होत नाही. आणि या शस्त्रक्रियेने लैंगिक अत्याचार टळत नाही, केवळ त्याचा पुरावा नाहीसा होतो.

या वादात मनुष्यबळाची उणीव भरून काढण्याऐवजी निवासींच्या शरीरातच बदल करण्याचा मार्ग स्वीकारला गेला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. गुंगीची औषधे देणे, केस कापून टाकणे, खोलीत कोंडणे, सर्वांना एकाच वेळी उघड्यावर आंघोळ घालणे हे त्याच मार्गाचे सौम्य वा नित्याचे प्रकार होत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली चंदीगढमधील शासकीय संस्थेत अत्याचारास बळी पडलेल्या एका मतिमंद स्त्रीच्या प्रकरणात, तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. सौम्य मतिमंदता असलेल्या व्यक्तीच्या इच्छेला कायद्याच्या दृष्टीने मोल आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले. तथापि संस्थांतील दुरवस्था संपली नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील एका निवासी संस्थेत मतिमंद मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली स्वतःहून दखल घेतली. पनवेल परिसरातील एका संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचारांबद्दल सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये आरोपींना दोषी ठरविले. दिल्लीतील ‘आशा किरण’ या शासकीय गृहात क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक निवासी होते. तेथे जुलै २०२४ मध्ये एकाच महिन्यात दहाहून अधिक मृत्यू झाले.

पालकांच्या संस्था : आमच्यानंतर या मुलाचे काय, या प्रश्नातून महाराष्ट्रात वेगळ्या प्रकारची निवासगृहे निघाली. १९९० च्या सुमारास एम. जी. गोरे यांच्या पुढाकाराने मतिमंदांच्या पालकांची ‘आधार’ ही संस्था स्थापन झाली व तिने ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे प्रौढ मतिमंदांच्या आजीवन निवासाची सोय केली. पुढे नासिक येथेही तिचे केंद्र निघाले. डोंबिवलीजवळील खोणी येथील ‘घरकुल’ हे निवासगृह अविनाश बर्वे व त्यांच्या सहकारी पालकांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. या संस्थांत पालक हेच संस्थापक, वर्गणीदार व देखरेख करणारे असतात. त्यामुळे निवासींविषयी विचारपूस करणारे कोणीतरी सदैव असते व हेच या संस्थांचे मोठे बळ होय. त्यांच्या मर्यादाही त्यातूनच येतात. प्रवेशासाठी ठेव व मासिक शुल्क देण्याची ऐपत लागते; शेतमजुराच्या कुटुंबाला ते सहसा शक्य नसते. शिवाय संस्थापक पालक वृद्ध होतात व दिवंगत होतात. त्यांच्यामागे भावंडांनी किंवा विश्वस्तांनी तितक्याच आस्थेने लक्ष घातले नाही, तर जिच्या भीतीने संस्था निघाली तीच स्थिती पुन्हा उद्‌भवते.

वझ्झर : ज्यांना पालकच नाहीत अशांच्या बाबतीत विदर्भात झालेला महत्त्वाचा प्रयोग म्हणजे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ वझ्झर येथील अंबादासपंत वैद्य मतिमंद मूकबधिर बेवारस बालगृह होय. शंकरबाबा पापळकर यांनी ते चालविले. रेल्वेस्थानके, बसस्थानके व उकिरडे येथे टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर व अंध मुले पोलीस व बालकल्याण यंत्रणेमार्फत तेथे आली. पापळकरांनी आपले नाव त्यांना पिता म्हणून दिले, संस्थेच्या ओसाड जमिनीवर त्यांच्याकडून झाडे लावून घेतली व ज्यांना शक्य होते त्यांची लग्ने व नोकऱ्या यांसाठी खटपट केली. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून एकाही मुलाला त्यांनी बाहेर काढले नाही. बेवारस दिव्यांगांना अठराव्या वर्षानंतरही त्याच संस्थेत आजीवन राहता यावे, असा कायदा देशात व्हावा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. भारत सरकारने २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर केली.

वझ्झरच्या प्रयोगाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. निवासींना नाव, काम व नाते मिळाले, तर ज्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती अशा व्यक्तीही एकमेकींना सांभाळू लागतात. दुसरे असे, की ही व्यवस्था एका व्यक्तीच्या निग्रहावर उभी आहे आणि म्हणूनच तिच्या चालकाला कायद्याची मागणी करावी लागते. संस्थापकाची थोरवी ही देखभालीची कायम हमी होऊ शकत नाही. फ्रान्समध्ये ज्यां व्हानिए यांनी १९६४ साली मतिमंदांबरोबर एका घरात राहण्याची ‘लार्श’ ही चळवळ सुरू केली. भारतात बंगळूर येथे १९७० मध्ये तिचे ‘आशा निकेतन’ निघाले. व्हानिए यांनी चळवळीशी संबंधित अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे त्या संस्थेनेच २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत उघड झाले. मतिमंद निवासी त्यांत नव्हते. तथापि पूज्यभावामुळे प्रश्न विचारण्याचे थांबते, हा धोका त्यातून दिसून आला.

कायदेशीर तरतुदी : स्वमग्नता, प्रमस्तिष्क घात, मतिमंदता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत झाला. त्यानुसार जिल्हा पातळीवरील स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी व दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. हेळसांड वा अपहार केल्यास त्याला दूर करता येते. न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत अशा प्रौढांच्या सामूहिक निवासाची कल्पना आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तो आला. या अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क असून विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. संस्थांना नोंदणी बंधनकारक असून ती रद्दही करता येते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

देखभालीची कसोटी : नोंदणीच्या वेळी खोल्यांची संख्या, स्वच्छतागृहे, आहार व नोंदवह्या तपासल्या जातात. या गोष्टी आवश्यकच आहेत. परंतु त्यांवरून पोषणाची खात्री पटते, जीवनाची नव्हे. निवासीला स्वतःचे कपडे व कपाट आहे काय. काय खावे, केव्हा झोपावे याबाबत त्याला काही निवड आहे काय. त्याच्या कामाचे पैसे त्याला मिळतात काय. दातदुखी किंवा फेफरे सांगता येत नसल्यास ते ओळखणारे कोणी आहे काय. औषधे आजारासाठी दिली जातात की शांततेसाठी, हे प्रश्न त्यापुढचे होत. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत गोंगाट, अचानक बदललेला दिनक्रम आणि बोलण्याऐवजी चित्रांनी वा खुणांनी संवाद साधण्याची सोय नसणे, यांतून पुष्कळदा अनावर वर्तन उद्‌भवते. त्याला हट्ट वा हिंसकपणा समजून शिक्षा दिली जाते. या सर्व प्रश्नांची उत्तरे अखेर काळजीवाहकांवर अवलंबून असतात. त्यांचे वेतन तुटपुंजे असेल व ते वारंवार बदलत असतील, तर निवासीच्या खाणाखुणा जाणणारे कोणीच उरत नाही. म्हणून बाहेरच्या माणसांची नियमित ये-जा, अवचित तपासणी व निवासींशी एकांतात बोलण्याची पद्धत या गोष्टी इमारतीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

कळमेश्वरसारख्या ठिकाणच्या कुटुंबाला आज पालकत्वासाठी नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो, न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेचा व राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ घेता येतो आणि वारसाहक्काने आलेला जमिनीचा हिस्सा त्या व्यक्तीच्या नावावर राहू शकतो. १८६४ साली अशा व्यक्तीसाठी घर किंवा वेड्यांचे इस्पितळ एवढेच पर्याय होते. त्या मानाने हे अंतर मोठे आहे. मात्र आईवडिलांच्या पश्चात तिला आपल्याच तालुक्यात, ओळखीच्या माणसांत व ओळखीच्या बोलीत राहता येईल अशी परवडणारी लहान निवासगृहे निघाल्यावाचून पाचव्या कलमातील हक्क तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. आजही अनेक वृद्ध पालक मुलाच्या आधी आपल्याला मरण येऊ नये, अशी इच्छा बोलून दाखवितात. या इच्छेची गरज उरू नये, हेच या क्षेत्रातील प्रगतीचे खरे माप होय.